माऊसला बांधलेलं दावं

प्रत्येक घरात दारामागच्या खिळ्याला पिशव्यांची एक पिशवी टांगलेली असते. ती कोणी ठरवून भरत नाही. बाजारातून आलेली पिशवी घडी घालून आत खुपसायची, एवढंच. मग एक दिवस दळण न्यायला म्हणून तुम्ही एक पिशवी ओढता आणि तिच्या बंदात अडकून सगळ्याच बाहेर येतात. आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरचे किस्से असेच साठलेत. एक सांगायला घेतला की बाकीचे लोंबकळत येतात.

मी ते तोंडानं सांगत नाही, कारण मी फार हळू बोलतो. देहूरोडच्या लष्करी डेपोत मी जन्मभर पेट्या उचलल्या. तिथले साहेब म्हणायचे, "गेनू, तू वाक्य सुरू कर, मी जेवून येतो!" शाळा चौथीपर्यंत. तरी लिहिणं बरं पडतं. लिहिताना निदान मध्येच कोणी माझं वाक्य पुरं करून टाकत नाही.

* * *

आधी मंडळी सांगतो. सोमाटण्याजवळ आमचं गाव, आणि गावाच्या वेशीला दोन खोल्यांचं वाचनालय. ते सांभाळतात सुनंदाताई. तिथं रोज सकाळ-संध्याकाळ बसणारे आम्ही तिघं म्हातारे. मी गेनू. दुसरा किसन, एके काळचा ग्रामपंचायतीचा सदस्य. तो अजूनही सभेत बसल्यासारखाच बोलतो. तिसरा बबन.

बबननं सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा दाबायच्या मशीननं त्याचे कान नेले. आता काहीच ऐकू येत नाही. बायको वारली. एकुलती एक पोरगी वैशाली जर्मनीत नर्स आहे. फोनचा त्याला उपयोग नाही, आणि मोबाइलच्या एवढ्याशा काचेत त्याला तिचे ओठ दिसत नाहीत. वाचनालयाच्या मोठ्या पडद्यावर मात्र वैशाली तोंड मोठं करून, हातवारे करून बोलते आणि बबनला सगळं कळतं. आमचं त्याला काही कळत नाही. किसनचे ओठ मिशांत बुडालेले, आणि माझे कधी हलतात ते कोणालाच समजत नाही! आम्ही काहीही म्हटलं की बबन मान हलवून "व्हय, व्हय" म्हणतो.

दर रविवारी संध्याकाळी पाचला वैशालीचा व्हिडिओ कॉल यायचा. रविवारी सुनंदाताईंना सुट्टी. बबन वाचनालयाच्या मागंच राहतो, रोज दुपारी ते बंद असताना माठ भरायचा म्हणून किल्ली त्याच्याकडे असते. तो कुलूप उघडायचा, आणि कॉल लावून द्यायचं काम माझं आणि किसनचं. आठवड्यातून एकदा तो पोरीचं तोंड बघणार, ते आमच्या हातात. त्यासाठीच मी कॉम्प्युटर शिकलो.

शिकलो म्हणजे घरं पाठ केली. कॉम्प्युटर नवलाख उंबरे गावाकडच्या एका कारखान्यानं जुना झाला म्हणून दिलेला. त्याच्यावर सुनंदाताईंच्या भावानं लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घालून दिली, कारण त्या म्हाताऱ्या मशीनला तेवढंच पेलत होतं. पडद्यावर डाव्या हाताला चित्रांची ओळ होती, आळीतल्या घरांसारखी. पहिलं घर पेपरचं. दुसरं किसनच्या पत्त्यांचं. तिसरं, हिरवं, वैशालीचं. खाली एक पट्टी, तिच्यावर उघडलेल्या सगळ्या खिडक्या. इंग्रजी येत नसलं तरी अडायचं नाही. आपल्या आळीत कोणी दारावरची पाटी वाचून जातं का?

* * *

एके सकाळी पडद्यावर एक चौकोन आला. सुनंदाताईंनी वाचून सांगितलं, "नवीन आवृत्ती आली आहे म्हणे. हवी का विचारतोय."

किसननं विचारलं, "फुकट हाय का?"

"हे सगळं फुकटच असतं."

"मग इचारतोय काय? घ्या!"

मी बटण दाबलं. किसननं ठराव पास झाल्यासारखी टाळी वाजवली. कॉम्प्युटर दिवसभर घरघरत राहिला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर आळीच नाही! एक घर शिल्लक नाही. खालची पट्टी नाही. नुसता निळा-जांभळा माळ, आणि वर मधोमध घड्याळ. मी पडद्यावरून हात फिरवून पाहिला. बबननं टेबलाखाली वाकून पाहिलं.

किसन ओरडला, "चोरी झाली! कुनी भाईर जायाचं न्हाई!"

सुनंदाताई म्हणाल्या, "किसनराव, चोर आला असता तर टेबलावरचा चष्मा नसता का नेला? चित्रं कशाला नेईल?"

"चष्मा माजा हाय," किसन म्हणाला. "त्यातनं चोराला तरी काय दिसनार!"

* * *

तळेगावहून दुरुस्तीवाला आला. हसतमुख माणूस, पण घाईत. त्यानं कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाला, "काका, यात बिघाड काहीच नाही. लिनक्स तेच आहे, फक्त डेस्कटॉप बदललाय. बनवणाऱ्यांनी सगळं रूपच नवीन केलं. पट्टी काढली, चित्रं काढली, खिडकी खाली ठेवायचं बटण काढलं."

"का?" मी विचारलं. तेवढा शब्द मला लवकर बोलता येतो.

"कामावरून माणसाचं लक्ष उडू नये म्हणून. समोर काही दिसलंच नाही, तर लक्ष जाणार कुठं?"

किसननं कपाळावर हात मारला. "आरं बाबा, लक्ष उडावं म्हनून तर आमी घरातनं उठून हितं येतो!"

मी म्हटलं, जुनंच परत बसवून द्या. माझं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "जुन्याला आता कोण विचारतंय काका!"

ते आम्हाला लागलं. बबनलासुद्धा लागल्यासारखं दिसलं, त्याला ऐकू आलेलं नसताना.

जाताना त्यानं माऊस असा काही भिरकावला की पडद्यावर एकदम सगळं दिसलं आणि एकदम गेलं. "असं करायचं. कळलं ना?" तिघांनीही मान हलवली. किसन आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. बबन त्याच्या हाताकडे बघत होता.

* * *

खिडकी खाली ठेवायचं बटण गेलं, त्याचा सगळ्यात जास्त त्रास किसनला. पूर्वी तो पत्ते खेळत असला आणि बायको शेवंता दारात दिसली, की टिचकी मारली, पत्ते खाली, पेपर वर! आता पत्ते पडद्यावर तसेच, आणि शेवंताबाई पायरीवर.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा किसननं काही सुचेना म्हणून डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि पडद्यावर अडकवली.

शेवंताबाई आत आल्या. कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "ह्याला टोपी कशापायी?"

"तापलंय त्याचं डोकं."

"मग तुमचीच काढून घातली व्हय? बराबर हाय. तुमच्या डोस्क्यात तापन्यासारकं हायेच काय!"

तेव्हापासून आमच्यात खिडकी खाली ठेवण्याला टोपी घालणं म्हणतात. "गेनू, टोपी घाल, आली!"

* * *

त्या नव्या रूपात कॉम्प्युटर बंद करायचं बटणसुद्धा कुठंतरी आत दडवलेलं होतं. आम्ही सगळीकडे शोधलं. किसन म्हणाला, "बंद करायचंच न्हाई, असं असंल. म्हंजी लक्ष उडत न्हाई."

मग आम्ही आमचा मार्ग काढला. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते. ती गेली की कॉम्प्युटर आपोआप बंद. आली की मी चालू करायचो.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून वाचनालयं तपासणारे साहेब आले. पुस्तकं बघितली, माठ बघितला, कॉम्प्युटरपाशी आले. "छान. वापरता का तुम्ही लोक? रोज बंद करून जाता ना?"

सुनंदाताई मला डोळ्यांनी खुणावत होत्या. पण मला एकदा विचारलं की उत्तर निघाल्याशिवाय थांबता येत नाही. हातगाडीसारखं आहे ते, उशिरा सुटतं आणि थांबत नाही. मी म्हणालो, "रोज... न्हाई साहेब. गुरुवारी."

"गुरुवारीच का?"

"लाईट... गुरुवारी जाती."

"आणि एखाद्या गुरुवारी नाही गेली तर?"

"मग... फुडल्या गुरुवारी."

साहेबांनी दाराकडे बघितलं, बरोबरचा शिपाई बाहेर आहे याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आमच्या ऑफिसातही गुरुवारीच!"

* * *

आता दाव्याची गोष्ट.

सुनंदाताई सकाळी कीबोर्डवरून सगळं उघडून ठेवायच्या. पेपर, पत्ते, वैशालीची खिडकी, एकावर एक. पण पडद्याच्या वर डाव्या हाताला एक कोपरा होता. माऊस चुकून त्या कोपऱ्यात गेला, की सगळ्या खिडक्या एकदम लहान होऊन पाखरांच्या थव्यासारख्या चारी दिशांना पांगायच्या. वाटायचं, आपण मोडलं! सुनंदाताई दोनदा म्हणाल्या, "गेनूभाऊ, घाबरू नका, त्या कोपऱ्यातच सगळं आहे." पण माझा हात कापरा, माऊस पुन्हा पुन्हा तिकडेच पळायचा, आणि मी डोळे मिटून घ्यायचो. मिटलेल्या डोळ्यांना काय सापडणार?

लहानपणी आमच्याकडे एक बैल होता. सोडला की शेजाऱ्याच्या वैरणीच्या गंजीकडेच धाव. वडिलांनी त्याला मारलं नाही. दावं आखूड केलं. गंजी दिसेल, पण तोंड पोचणार नाही, एवढंच.

मी घरून सुतळी आणली. टेबलाच्या उजव्या बाजूला, माझ्याकडच्या कडेला, एक खिळा होता. त्याला एक टोक, दुसरं माऊसच्या गळ्याला, म्हणजे वायर जिथून निघते तिथं. माप घेऊन बांधलं. माऊस पेपरपर्यंत जायचा, पत्त्यांपर्यंत जायचा, कोपऱ्याच्या अलीकडे दावं ताठ व्हायचं. किसननं पाठ थोपटली. बबनला मी खुणेनं सांगितलं, तिकडं जायचं नाही! बबन म्हणाला, "व्हय, व्हय."

काही दिवसांनी तो दुरुस्तीवाला दुसऱ्या कामाला आला होता. टेबलाशी येऊन थबकला. "काका, हे काय?"

मी म्हटलं, "जरा... मारका हाय."

तो दोन पावलं मागं सरला हो!

* * *

एकदा सुनंदाताईंनी इंटरनेटवर बघितलं आणि आम्हाला बोलावलं. "या, या. तुम्ही एकटे नाही." जगभरचे लोक त्या नव्या रूपावर चिडलेले होते. त्या वाचून मराठीत सांगत होत्या. कोणी म्हणत होतं, माझं घर लुटलं. कोणी म्हणत होतं, बनवणाऱ्यांनी एकदा आमच्या खुर्चीत बसून बघावं. ब्राझीलमधला एक माणूस तर असं काही बोलला होता की सुनंदाताईंनी ते मनातल्या मनातच वाचलं.

मला फार बरं वाटलं. एवढे शिकलेले लोक, आणि रडणं आमच्यासारखंच. पण किसन तापला. "नुसतं रडत्यात काय! त्या ब्राझीलवाल्याला लिवा, दावं बांध म्हनावं."

सुनंदाताईंनी हसत हसत खरंच लिहिलं. आमच्या इथले एक आजोबा माऊसला सुतळीनं बांधून ठेवतात आणि त्यांना गुण आला आहे, असं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं. मला वाटलं, टिंगल केली असेल. सुनंदाताईंनी वाचलं, एकच ओळ.

"गाठ कुठली मारायची?"

मी दोन दिवस सांगत होतो, त्या इंग्रजीत लिहीत होत्या. आधी पीळ कसा घ्यायचा, मग फेरा कसा, मग टोक कुठून काढायचं. माझ्या जन्मातला तो पहिला इंग्रजी निबंध. गंमत म्हणजे, नमुना दाखवायला मी आमच्याच माऊसची गाठ बघितली, तर ती मला माझी वाटेना. माझ्यापेक्षा घट्ट होती. म्हटलं, वय झालं, आपलाच हात आपल्याला ओळखू येत नाही.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण पिशवीत आहे म्हणून निघाला.

एका रविवारी पाचला घंटी वाजली. पडद्यावर पेपरच्या मागं पत्ते होते की पत्त्यांच्या मागं पेपर, कळेना. वैशालीची खिडकी कुठंतरी तळाला. घंटी वाजतेय आणि पोरगी दिसत नाही. किसन एक बटण दाबतोय, मी दुसरं. बबन आमच्या मागं खुर्चीवर, केस विंचरून, हात मांडीवर ठेवून. त्याला घंटी ऐकू येत नव्हती. ती वाजत होती हेसुद्धा त्याला माहीत नाही, आणि ती थांबली हेसुद्धा नाही.

परत वाजली. परत थांबली. मग वाजलीच नाही.

किसन बाहेर जाऊन पायरीवर बसला. सांगायचं माझ्यावर आलं. मी बबनकडे वळलो आणि दोन्ही हात रिकामे करून दाखवले. जिभेसारखा हातालाही वेळच लागला.

बबननं माझ्याकडे बघितलं. खिशातून चिक्कीचा तुकडा काढला, मोडला, मोठा माझ्या हातावर ठेवला. "असूंदे रं," म्हणाला. पाठीवर थापटलं. मी मनात म्हटलं, केवढं मोठं काळीज या माणसाचं!

घरी गेलो, जेवण गेलं नाही. आमची ही म्हणाली, "कॉम्प्युटरला न्हाई जमत तर दुसऱ्याला सांगा. बबनभावजींची पोरगी तुमच्या हातावर कशाला टांगून ठेवता?" तिचं खरं होतं. मी सोमवारी जाऊन दावं आणखी एक बोट आखूड केलं.

* * *

आणि हा परवाचा.

वैशालीनं लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच दवाखान्यातला, मूळचा केरळचा. तिनं सुनंदाताईंच्या फोनवर निरोप टाकला, रविवारी आबांबरोबर सगळे काका-काकू बसा, तुम्हा सगळ्यांना मुलगा दाखवायचाय. तिनं आम्हाला "सगळ्यांना" म्हटलं तेच मला फार वाटलं. तिला तिकडे कोणी नाही, इकडे बबन सोडून आम्हीच.

सुनंदाताईंना त्या दिवशी लोणावळ्याला लग्नाला जायचं होतं. शनिवारीच त्या सगळं मांडून गेल्या. वैशालीची खिडकी सगळ्यात वर. जाताना बजावलं, "किसनराव, उद्या पत्ते उघडायचे नाहीत."

"काय बोलताय ताई! पोरीच्या लग्नाची गोष्ट हाय."

रविवारी आम्ही चारलाच जमलो. बबननं इस्त्रीचा सदरा घातला होता. तो खुर्चीवर बसला. वाट बघत. किसन कॉम्प्युटरसमोर. साडेचार वाजले. किसन चुळबुळला. "गेनू, एकच डाव. पाचच्या आत संपतोय." मी नको म्हणायला तोंड उघडलं, माझा "नको" बाहेर येईपर्यंत पत्ते वाटून झाले होते!

पाचला दोन मिनिटं कमी असताना पायरीवर चप्पल वाजली. शेवंताबाई! त्यांच्या हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, साखर. जावई पडद्यात असला म्हणून काय झालं, ओवाळणार होत्या. किसननं टोपी काढून पडद्यावर फेकली. आणि घंटी वाजली.

किसननं घाबरून हाताला लागेल ते बटण दाबलं. घंटी थांबली. आणि पत्त्यांच्या मागून वैशालीचा आवाज आला.

"हॅलो! आबा? काका? तिथं एवढा अंधार का आहे?"

पडद्याच्या वरच्या कॅमेऱ्यावर टोपी होती.

मी टोपी ओढली. पडद्यावर किसनचा डाव पसरलेला, आणि मधोमध भला मोठा इस्पिकचा राजा. शेवंताबाईंना मोतीबिंदू. त्या निरांजन घेऊन पुढं झाल्या, राजाला कुंकू लावायला बोट नेलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पोरगं रुबाबदार हाय, पन दाढी लय वाढवलीया!"

वैशाली मागून हाका मारत होती. "काका, आवाज येतोय, तुम्ही पण दिसताय! काकू, कोणाला ओवाळताय?" एक पुरुषाचा आवाज हसला. मी माऊस ओढतोय, दावं ताणतंय, सुतळी ताटात अडकली, साखर सांडली. किसन राजाकडे बघून हात जोडून उभा. मला तो रिकाम्या हातांचा रविवार आठवला. आज तर जावई होता. मला मागं वळून बबनकडे बघायला धीर होईना.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. बबन उठला होता. मशीनवरून नवख्याला बाजूला करावं तसं त्यानं मला हलकेच बाजूला केलं. माऊसच्या गळ्याशी बोटं नेली. गाठीचं एक टोक ओढलं. माझ्या गाठीला नखं लागतात, ही एका ओढीत सुटली. माऊस त्यानं सरळ त्या कोपऱ्यात नेला. पेपर, पत्ते, सगळं पाखरांसारखं पांगलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पडदाभर वैशाली होती, आणि तिच्या शेजारी एक सावळा, हसरा मुलगा.

मुलानं नमस्कार केला नाही. त्यानं अंगठा ओठांशी नेला आणि भुवया उडवल्या. चहा झाला का?

बबननं दोन बोटं दाखवली. दोनदा!

मुलानं कपाळाला हात लावला आणि बोट उगारलं, साखर कमी करा. बबन खो खो हसला. शेवंताबाईंनी या वेळी खऱ्या जावयाला ओवाळलं, पडद्याला कुंकू लागलं, ते अजून आहे.

मग वैशाली माझ्याकडे वळून म्हणाली, "गेनूकाका, आज इतका वेळ का लागला हो? रोज दुपारी तर आबा एका मिनिटात लावतात."

किसननं टोपी उचलली, झटकली, आणि डोक्यावर घातली. मला दुपारचा माठ आठवला, आणि बबनकडची किल्ली.

कॉल संपला. वैशालीनं हात हलवला, मुलानं हलवला, पडद्यावर परत माळ आला. बबननं टेबलावर सांडलेली साखर तळहातानं गोळा केली, तोंडात टाकली. मग सुतळी घेतली, माऊसच्या गळ्याला एक फेरा दिला, पीळ दिला, टोक काढलं आणि ओढून बघितलं.

"हिकडं बघ, गेनू," तो त्याच्या प्रेस शॉपच्या आवाजात ओरडला. "तुजी गाठ ढिली ऱ्हाती."